गळती

पावणेआठ. ग्रिम्सबीत अजून अंधारच.
हंबरच्या खाडीवरून आलेला वारा
थिएटर तीनच्या खिडकीपाशी घुटमळतोय.
मी नळीचं तोंड तळहातानं दाबून धरते,
पिशवी फुगवते,
आणि ऐकते.
सूं…
कुठून?

मिरजेत नाना असेच बसत,
पेटीचा भाता भरून, कान लाकडाला लावून.
"गळती सापडली की निम्मं काम झालं, बये."
मग कातड्याची पट्टी, सरस,
आणि रात्रभर वर पाटा ठेवायचा.
इथं एक वॉशर बदलला. काटा तीसवर थांबला.
चला.

केनेथ ड्रूरी, वय चौऱ्याहत्तर,
छत्तीस वर्षं आइसलंडच्या पाण्यात मासेमारी,
उजव्या हाताची दोन बोटं दोरखंडानं नेलेली,
आणि आता पोटात फुटलेलं आतडं.
"तुमच्या भाषेत काय म्हणतात याला?"
मी म्हटलं, भूल.
"बूल," तो म्हणाला. "म्हणजे?"
म्हणजे विसर पडणं, मी सांगितलं.
दुसरा अर्थ मास्कच्या आत ठेवला.

दुधासारखं औषध, हाताला थोडं झोंबेल.
पापणीला बोट लावून पाहिलं.
लोक याला झोप म्हणतात. झोपेत
माणूस श्वास घ्यायचा विसरत नाही.
हा विसरला,
कारण मी विसरायला लावलं,
आणि तिथून पुढे
त्याचा प्रत्येक श्वास माझ्या उधारीवर.

जिभेमागे, दिव्याच्या उजेडात, त्या दोन पांढऱ्या पट्ट्या.
पेटीतले सूर असेच दिसतात पालथी घातल्यावर,
अरुंद, ओले नसलेले एवढाच फरक.
त्यांच्या मधून नळी गेली.
पडद्यावर पहिली टेकडी उमटली, मग दुसरी.
मी माझा श्वास सोडला,
तो कधी धरला होता कुणास ठाऊक.

नंतर अकरा दिवस आयसीयू.
यंत्र मिनिटाला सोळा देत होतं,
सोळाच्या सोळा एकाच मापाचे,
गिरणीतून निघाल्यासारखे.
मुलगी लॉरेन उशाशी बसून
भरती-ओहोटीचं कोष्टक वाचायची, मोठ्यानं:
सहा बावीस, भरती. बारा एकोणचाळीस, ओहोटी.
नर्स मारिसेल म्हणाली, ऐकतात ते.
मी मान डोलावली. मला माहीत नव्हतं.

नवव्या दिवशी औषध थांबवलं. काही नाही.
दहाव्या दिवशी न्यूमोनिया, ताप, परत औषध.
दुसऱ्या अर्थानं त्या रात्री मला जागं ठेवलं:
सुटताना घाई केली का? एक दिवस आधीच का?
कुणी विचारलं नाही.
भूल देणाऱ्याला फारसं कुणी काही विचारत नाही.

अकराव्या दिवशी, तीन वाजता,
सरळ रेषेत एक खाच.
यंत्रानं दिलेला नव्हता तो. मागितलेला होता.
थोड्या वेळानं आणखी एक,
वेडावाकडा, आखूड, त्याचा स्वतःचा.

नळी काढण्याआधी तिच्याभोवतीचा फुगा रिकामा करतात
आणि कान देतात.
हवा बाजूनं निसटली तर घशाला सूज नाही,
वाट मोकळी आहे.
नाना, तुम्हाला हसू येईल:
मी वाकून बसले होते
गळती ऐकू यावी म्हणून.

सूं.

खोकला, कफ, शिवी असावी असं काहीतरी,
मग आवाज, खर्जातला, फाटका.
नाना म्हणाले असते, धूळ बसलीय सुरात,
वाजवत राहा, मोकळा होईल.
काडीवरचा ओला स्पंज चोखत
ड्रूरीनं माझ्याकडे पाहिलं बराच वेळ.
"फिजिओवाली ना तू?"

नाही, मी म्हटलं.
"मग कोण?"
लॉरेन कोष्टकावर बोट ठेवून थांबली होती.
मी तिला म्हटलं, वाचा पुढे.